शिंगाची घोटणी

हिंगणघाटला झाडेच्या दुकानात
काउंटरवर तीन कटर मांडून घेतले.
पिवळा पंचवीसचा, पातं लचकतं.
निळा साठचा, मागे स्क्रू.
तिसरा एकशे ऐंशीचा, डबीत निजलेला.
हात लावायच्या आधीच झाडे म्हणाला,
"घेणार असशीन तंच खोलतो."

निळा घेतला. पट्टी घेतली स्टीलची.
प्लास्टिकची नको, पातं तिचाच काठ खातं
आणि मग प्रत्येक रेघ थोडं खोटं बोलते.
फुलपाखराचा पंच हातात घेऊन परत ठेवला.
एकच फुलपाखरू पन्नास कार्डांवर
किती उडणार?

पन्नास कार्डं, ढोमणे गुरुजींच्या नातीचं बारसं.
उघडलं की आतून पाळणा उभा राहावा
आणि दोऱ्यावर हलावा, एवढीच त्यांची अट.

चिकटवायला काय, यावर घरात दोन दिवस गेले.
मैद्याची खळ झुरळांना आवडते.
फेविकॉल वाळला की कागद पोक काढतो.
धावड्याचा डिंक सगळ्यांत बरा,
पण आईनं तो लाडवांसाठी राखलेला.
"बाळंतीण त्याईच्या घरची," मी म्हटलं,
"डिंक आपला काहून जाईन?"
तिनं मूठभर दिला. मोजून.

बाबा दारात बसून पाहत होते.
चाळीस वर्षं समुद्रपूरच्या स्टँडवर
त्यांनी लोकांचे अंगठे झाकले.
आता हात कापतो, पेटी बंद.
निळा कटर त्यांनी उलटापालटा केला,
पात्यावरच्या तिरप्या रेघा मोजल्या.
"ह्या कायच्या?"
बोथट झालं की इथून तोडायचं, फेकायचं.
"म्हंजे तुटासाठीच बनोलं?"
आणि आत जाऊन रापी घेऊन आले.

रापी रोज दगडावर घासून
आता अर्धीच उरली आहे.
उरलेली अर्धी अजून केस कापते.
एक गोलाई त्यांनी त्या कापऱ्या हातानं कापली,
मला कटरनं साधली नसती तशी.
दुसरी फाटली.
"कागदाले अंगच नाही," म्हणाले,
"चामडं सांगते मले कुठं वाकव. हे मुकं हाये."

मुकं नाही बाबा.
मी एक तुकडा त्यांच्या तळहातावर ठेवला.
उभा वाकवा: निमूट येतो.
आता आडवा: कुरकुरतो, घडीवर दात दाखवतो.
डोळे मिटून त्यांनी तो तसा, असा, पुन्हा तसा वाकवला.
बराच वेळ.
"हाये," म्हणाले. "बारीक हाये आवाज."

तरी घडीला चीर पडतच होती.
संपलेलं बॉलपेन ओढून पाहिलं, कागद खरवडला.
चमच्याची पाठ घसरली.
आईची फुटकी बांगडी बरी चालली
आणि सातव्या कार्डावर मला कापून गेली.
तेव्हा त्यांनी पेटीच्या तळातून काढली
म्हशीच्या शिंगाची घोटणी,
बोटभर, काळी, अंगठ्याच्या जागी खोलगट.
माझा अंगठा त्या खळग्यात लहान पडला.
एकदा फिरवली. घडी अशी बसली,
जशी ती कागदात आधीपासूनच होती.

पन्नास पाळणे. एक वाकडा, तो ठेवून घेतला.
एक्कावन्नावा बनवला.

ढोमणेबाईंनी एक कार्ड उघडलं, मिटलं, उघडलं.
घडीवरून बोट फिरवत म्हणाल्या,
"मशीनची वाटते. कशानं केली?"
हिंगणघाट तोंडाशी आलं होतं.
"बाबांच्या घोटणीनं," मी म्हटलं.
"पेटीतल्या."

बोट घडीवर थांबलं.
आत दळणाची चक्की सुरू होती,
ती बंद झाल्यासारखी वाटली, झाली नव्हती.
मग बोट पुन्हा वरून खाली गेलं, सावकाश,
आणि कार्ड त्यांनी देवळीत उभं ठेवलं,
समईच्या जरा बाजूला.

पैसे घेऊन मी स्टँडवर आले.
कटरची पाती संपली आहेत.
या खेपेला झाडेला म्हणेन,
डबीतला खोल,
घेणार नाही, फक्त पाहायचा आहे.